हा ताव झाला की

लोहारानं दारू सोडली आणि गावाचं वाटोळं सुरू झालं, याबद्दल गावात दुमत नव्हतं. शंभरेक घरांचं गाव, पण त्यातलं एकही तोंड गप्प राहायला शिकलेलं नव्हतं.

तसा लोहार काही साधासुधा पिणारा नव्हता. तो गुत्त्यावरून घरी निघाला की त्याच्या नुसत्या वासानं वाटेतली कुत्री झिंगायची आणि अनोळखी माणसावर भुंकायचं सोडून एकमेकांच्या गळ्यात पडायची. एकदा विझलेल्या भट्टीसमोर त्यानं जांभई दिली, तर कोळसे आपोआप पेटले. यातलं निम्मं सोडून द्यावं. उरलेलं निम्मंही एका संसाराला बुडवायला पुष्कळ होतं.

पिण्याच्या शेवटच्या दिवशी त्यानं ऐरण नेली. आज्याच्या काळापासूनची ऐरण ती. दोन धडधाकट माणसं लावली तरी जागची हलायची नाही. पण घसा कोरडा पडल्यावर लोहाराच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. सकाळी ती त्यानं एकट्यानं गुत्त्यापर्यंत ढकलत नेली आणि दोन बाटल्यांवर देऊन टाकली.

दुपारी त्याची बायको तिथं आली. एका हातात दोर, दुसऱ्या हातात घण. गुत्तेवाला काहीतरी बोलणार होता, पण घणाकडं बघून त्याला एकदम आतल्या खोलीत काम आठवलं. तिनं दोराचं एक टोक ऐरणीला बांधलं, दुसरं स्वतःच्या कमरेला, आणि ओढायला लागली. सगळं गाव दारात येऊन उभं राहिलं. काहींनी बसायला खाटा बाहेर काढल्या. हात लावायला एकही पुढं आला नाही. ऐरण मातीत चर पाडत लोहाराच्या डोळ्यांदेखत त्याच्यासमोरून गेली आणि तो गुत्त्याच्या पायरीवर बसून राहिला. संध्याकाळी तो घरी आला तो त्याच चरातून चालत. सरळ जायला दुसरा काही आधारच नव्हता.

त्या दिवसापासून त्यानं दारू सोडली, आणि त्या दिवसापासून लोहारणीनं त्याच्याशी बोलणं सोडलं.

म्हणजे बोलायची, पण ऐरणीशी. "ऐरणी, जेवण वाढलंय म्हणावं." "ऐरणी, कोळसा संपत आला. बसून काय राहिलेत, उठा म्हणावं." लोहार दोन हातांच्या अंतरावर उभा असायचा आणि त्याला निरोप लोखंडामार्फत यायचा. त्यानंही एकदा उत्तर ऐरणीलाच दिलं, तर लोहारीण म्हणाली, "ऐरणी, दारुड्यांशी तू बोलत जाऊ नकोस."

पहिले पंधरा दिवस त्याच्या अंगात कुणीतरी दुसराच राहायला आल्यासारखे गेले. अंथरूण घामानं भिजायचं. पोटात पाणी ठरायचं नाही. कातडीखालून मुंग्या चालायच्या, आणि त्या खऱ्या नाहीत हे ठाऊक असूनही तो नखांनी ओरबाडायचा. तापलेलं लोखंड धरलेली सांडशी ऐरणीवर थंडीत दात वाजावेत तशी वाजायची. त्यात काम असं, की लाल लोखंड त्यानं धरायचं, छोट्या हातोडीनं टिचकी मारून जागा दाखवायची आणि बायकोनं तिथं घण घालायचा. हात हलला तर घण बोटांवर. त्याची डावी करंगळी आधीच चपटी होती. ती चुकून चेपली की मुद्दाम, हे लोहारणीनं ऐरणीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

शपथांचा उपयोग नव्हता. त्यानं आजवर आईची, भट्टीची, सूर्याची, सगळ्यांची शपथ घेऊन पाहिली होती आणि सूर्य मावळायच्या आत मोडली होती. या वेळी त्याला एक साधी युक्ती सापडली. लोखंड भट्टीतून लाल होऊन बाहेर येतं, ते पुन्हा काळं पडेपर्यंत ठोकायचं, तेवढा एक ताव. तहान उसळली की तो मनाशी म्हणायचा, हा ताव झाला की पितो. ताव संपायचा, लोखंड पुन्हा भट्टीत जायचं, आणि तो म्हणायचा, हा पुढचा झाला की नक्की. असं स्वतःला फसवत फसवत त्यानं पन्नास दिवस ढकलले. आयुष्यभर दुसऱ्यांना दिलेल्या थापा अखेर त्याच्या स्वतःच्या उपयोगी पडल्या.

आणि मग फाळ मोडायला लागले.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. जमीन इतकी कडक झाली होती की कोंबड्या उकरायला जायच्या आणि नखं मोडून लंगडत परत यायच्या. नांगर धरणाऱ्यांचे खांदे निखळायची वेळ आली होती. अशा जमिनीला फाळ लागतो तो गाडीच्या जुन्या कमानपाट्याचा, टोकाला नीट पाणी दिलेला. पाणी देणं म्हणजे फाळ बरोबर रंगावर तापवून दगडी कुंडात बुडवायचा. कमी तापला तर टोक मऊ राहतं, जास्त तापला तर ठिसूळ होतं. सगळा खेळ रंगाचा. डाळिंबाच्या दाण्यासारखा दिसला की बुडवायचा. हे लोहार झोपेतही करायचा. खरं तर बरीच वर्षं तो झोपेतच करत आला होता.

पीत होता तेव्हा उठायचाच मुळी दुपारी. डोकं धरून बसायचा, भट्टी पेटेपर्यंत उन्हं कलायची, आणि फाळाला पाणी द्यायची वेळ यायची ती दिवेलागणीला. आता तो पहाटे उठत होता. भट्टी रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली, तिन्ही बाजूंनी उघडी. कोवळं ऊन थेट ऐरणीवर. आल्यागेल्याला दिसावं, की बघा, लोहार सकाळी शुद्धीत आहे. लोकांच्या न्याहारीच्या आधी त्याचे चार फाळ कुंडात बुडून निघालेले असायचे.

बुडवताना पाण्यातून 'टिंग' असा बारीक, काच तडकल्यासारखा आवाज यायचा. आधी त्यानं तिकडं लक्ष दिलं नाही. मग दिलं आणि देऊन न दिल्यासारखं केलं.

मोडलेला अकरावा फाळ भोंग्याचा होता. भोंगा म्हणजे गावात सगळ्यात जास्त जमीन आणि सगळ्यात मोठा आवाज असलेला शेतकरी. तो स्वतःच्या शेतात शिंकला की शेजारच्या शेतातले बैल उभे राहायचे. दुपारी तो दहा-बारा माणसं मागं घेऊन आला आणि हातातलं लोखंड त्यानं ऐरणीवर आपटलं.

"हे काय आहे?"

"फाळ," लोहार म्हणाला.

"फाळ एक असतो. हे दोन आहेत."

माणसं फिदीफिदी हसली. लोहारानं तुकडे उचलून पाहिले. मोडलेल्या जागी लोखंडाचे दाणे साखरेसारखे मोठे दिसत होते. हात पुन्हा थरथरायला लागला, तसे त्यानं तुकडे खाली ठेवले.

"पीत होतास तेव्हा तुझा फाळ खडक फोडायचा," भोंगा म्हणाला. "आता ढेकळाला घाबरतो. शुद्धीत येऊन तू काय मिळवलंस रे?"

"लोखंडाला त्याच्या वासाची सवय लागलीय," मागून कुणीतरी म्हणालं.

"हात बघा की त्याचे! पीत होता तेव्हा कसे दगडासारखे असायचे."

छपराच्या खांबाशी खाटेवर लोहाराचा म्हातारा बाप बसलेला होता. आयुष्यभर भट्टीत बघून बघून त्याचे डोळे उकडलेल्या अंड्यासारखे पांढरे झाले होते. तो म्हणाला, "मी थेंब न पिता तीस वर्षं फाळ केले. एक परत आला नाही. याच्यात कसच नाही. दारूमुळं ते झाकलेलं होतं, एवढंच."

"मग सांगा ना बाबा, काय चुकतंय."

"मला दिसत असतं तर तुझ्या हातात सांडशी दिली असती का?"

भोंग्यानं सदऱ्यातून एक भरलेली बाटली काढली आणि ऐरणीच्या मधोमध ठेवली. उन्हात ती पाण्यासारखी नितळ दिसत होती. त्यानं बूच सैल केलं. वास आला तसं लोहाराच्या जिभेखाली पाणी सुटलं.

"पी," भोंगा म्हणाला. "पी, आणि मग माझ्या फाळाला पाणी दे. सकाळी मला फाळ पाहिजे. तो मोडला, तर गावातला एकूण एक फाळ मी स्वतः गाडीत घालून बाजारगावच्या वेल्डिंगवाल्याकडं नेतो. मग बस तू शुद्धीत, माश्या मारत."

लोहारानं बायकोकडं पाहिलं. ती घणाच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभी होती. तिनं फक्त 'नको' म्हणायचं होतं. 'नको' जड जात असेल तर एखादी शिवी. शिवीवरही त्यानं दिवस काढला असता. तिनं बाटलीकडं पाहिलं, मग खाली.

"ऐरणी," ती म्हणाली, "काय काय ठेवतात गं लोक तुझ्यावर."

आणि कुंडात पाणी भरायला निघून गेली.

लोहारानं बाटली उचलली. सगळे पुढं झुकले. ती त्यानं बाजूच्या कोनाड्यात ठेवली, सांडशी घेतली आणि आजवर मनात म्हणत होता ते पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाला, "हा ताव झाला की पितो."

"मग झालं तर!" भोंगा खाली बसला. "बसा रे सगळे."

त्यानं नवा पाटा भट्टीत घातला. लोहारीण परत आली, तिनं घण उचलला. पहिला ताव झाला. "आता पी," माणसं म्हणाली. "हा पुढचा झाला की." दुसरा झाला, तिसरा झाला. एरवी आठ तावांत होणारा फाळ त्या दिवशी वीस तावांत झाला. इतका सावकाश ठोकलेला फाळ जगाच्या पाठीवर दुसरा नसेल. घामाचे थेंब त्याच्या नाकावरून ऐरणीवर पडून चुर्र होत होते. कोनाड्यातली बाटली त्याच्या डाव्या कानाजवळ होती आणि तो कान भट्टीपेक्षा गरम झाला होता. घण त्याच्या बोटांपासून चार बोटांवर येऊन पडत होता, ना तीन, ना पाच.

माणसं कंटाळली. कुणाची जनावरं पाण्यावर न्यायची होती, कुणाला भूक लागली. भोंग्यालाही अखेर उठावं लागलं. "प्याल्याशिवाय पाणी देऊ नकोस," जाता जाता तो ओरडला. "मला फाळावरून कळेल!"

ऊन गेलं होतं. छपराखाली अंधारून आलं होतं. ठोकायचं सगळं संपलं होतं, फक्त पाणी द्यायचं उरलं होतं. पुढचा ताव म्हणायला आता तावच शिल्लक नव्हता. भाता मारताना हल्ली रोज सकाळी मोजायचा तेवढे श्वास त्यानं मोजले, फाळ बाहेर काढला आणि कुंडाकडं वळता वळता जागच्या जागी थांबला.

फाळ डाळिंबाच्या दाण्यासारखा नव्हता. पिकल्या संत्र्याच्या सालीसारखा पिवळाजर्द पेटला होता.

भात्याचे श्वास तेवढेच. कोळसे तेच. सकाळी एवढ्यावर डाळिंब दिसायचं. आधी त्याला वाटलं, डोळे गेले; मुंग्यांसारखंच हेही खोटं. मग त्यानं रिकाम्या हातानं छपराबाहेरच्या, ऊन निघून गेलेल्या रस्त्याकडं बोट केलं आणि कुणाला म्हणून नाही, असंच म्हणाला, "ऊन. सकाळचं ऊन गं. उन्हात रंग दिसतच नाही."

लोहारीण घण टेकवून जवळ आली.

"सकाळी डाळिंब दिसतंय असं वाटायचं तेव्हा फाळ जळत असायचा. पंधरा वर्षं मी पाणी दिलं ते दिवेलागणीला. दारूनं नव्हे. उशिरा उठल्यानं!"

फाळाचा रंग उतरत होता. संत्रं गेलं, डाळिंब आलं. त्यानं फाळ बुडवला. दोघांनी श्वास धरला. कुंडातून नुसता लांब सुस्कारा आला. टिंग नाही. त्यानं टोकावर कानस ओढली. ती काचेवरून घसरावी तशी घसरली, इतकं टोक कडक झालं होतं.

खाटेवरून म्हातारा म्हणाला, "आमची भट्टी तर आतल्या अंधाऱ्या खोलीत असायची. तूच ती बाहेर उन्हात आणलीस."

"मग सांगितलं का नाही, बाबा?"

"विचारलंस का?"

"दुपारीच विचारलं की!"

"दुपारी तू काय चुकतंय ते विचारलंस," म्हातारा म्हणाला. "भट्टी कुठं होती ते नाही."

सकाळी लोहार फाळ घेऊन स्वतः भोंग्याच्या शेतात गेला. फाळ जमिनीत शिरला तो लोण्यात सुरी शिरावी तसा. दुपारपर्यंत एवढं रान उलटलं की बैलांनाच नवल वाटलं. भोंग्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली.

"प्यालास ना शेवटी! शाबास!"

"नाही प्यालो. उन्हामुळं रंग..."

"कळलं, कळलं. तोंड धुऊन आलायस, वास येत नाही."

लोहारानं भट्टीभोवती तिन्ही बाजूंनी पोती शिवून टांगली. आत दिवसाही संध्याकाळ झाली. फाळ टिकायला लागले. गावातले सगळे फाळ पुन्हा त्याच्याकडं यायला लागले, आणि रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण पोत्याकडं बघून डोळा मारायला लागला.

"आडोसा केलाय बघ. उघड्यावर लाज वाटते."

"पिऊ दे की. फाळ बघ कसा येतो!"

गुत्तेवाला एकदा मुद्दाम येऊन गेला आणि पोत्याबाहेरूनच म्हणाला, "आमच्याकडं काय कमी होतं दादा, की बाहेरून मागवायला लागलात?" ज्या रस्त्यावर ऐरणीचा चर अजून दिसत होता, त्याच रस्त्यावरची माणसं लोहाराला आता प्रेमानं 'बेवडा' म्हणत होती. पीत होता तेव्हा एवढं प्रेमानं कुणी म्हटलं नव्हतं.

भोंग्याची बाटली कोनाड्यातच होती. कोनाडा आतल्या भिंतीत, पोतं सारून फाळ टाकायला येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर. लोहारानं तिला हात लावला नव्हता. हात लावला तर तो सुटणार नाही हे त्याला ठाऊक होतं. पण एक दिवस त्याचं लक्ष गेलं, बाटली निम्मी झाली होती.

आधी त्यानं स्वतःच्या तळहातावर श्वास सोडून वास घेतला. मग म्हाताऱ्याचं तोंड हुंगलं, तर म्हाताऱ्यानं कानाखाली वाजवली. दृष्टी नव्हती, पण नेम शाबूत होता.

सत्तराव्या दिवशी, भर दुपारी, भट्टीत पाटा तापत असताना तो लघवीला जाऊन परत आला, तर लोहारीण कोनाड्याशी उभी होती. बाटली तिरकी धरून ती बोटभर दारू राखेच्या ढिगावर ओतत होती. गरम राखेतून वास वर आला आणि लोहाराला खांब धरावा लागला.

ती दचकली नाही. बूच लावून तिनं बाटली जागेवर ठेवली, गिऱ्हाइकाला नीट दिसेल अशी.

"ऐरणी," ती म्हणाली, "लोक बाटलीकडं बघून फाळ टाकतात. भरलेली दिसली तर उचलून परत नेतील."

"म्हणजे तू!" लोहाराचा आवाज फाटला. "सगळं गाव मला बेवडा म्हणतंय ते तुझ्यामुळं! सत्तर दिवस! सत्तर दिवस मी आतडी पिळून काढली, आणि तू माझ्या नावानं राखेला दारू पाजतेस?"

तो पोत्याकडं धावला. दोन्ही मुठींत पोतं धरलं. बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावर माणसं होती. एक हिसडा, की सगळ्यांना दिसलं असतं, कोण शुद्धीत आहे आणि कोण नाही.

"पोत्याला हात लावाल तर तो हात ऐरणीवर ठेवून ठेचीन."

लोहार थबकला. बोलणं ऐरणीशी नव्हतं. तिचे डोळे थेट त्याच्यावर होते, आणि घण तिच्या खांद्यावर.

"गावाला काय दाखवायचंय?" ती म्हणाली. "मी ऐरण ओढत होते तेव्हा खाटा टाकून बघत बसलं होतं ते गाव. त्याला खरं सांगून काय मिळणार आहे? रोज मी हा घण घालते तो तुमच्या बोटांपासून चार बोटांवर. हात कधी दारूचा असतो आणि कधी नसतो, ते मला नाही कळत? मला ठाऊक आहे. तेवढं पुरत नसेल, तर जा, गुत्ता उघडा आहे."

लोहाराच्या मुठीत पोतं तसंच होतं.

"आणि मी माफ केलंय असं समजू नका," ती म्हणाली. "कमरेचा वळ अजून गेला नाही. या इकडं. ताव जातोय."

भट्टीत पाटा डाळिंबाच्या दाण्यासारखा झाला होता आणि संत्र्याकडं निघाला होता. लोहारानं पोतं सोडलं. हा ताव झाला की फाडतो, तो मनाशी म्हणाला, आणि सांडशी उचलली.

पोतं अजून तिथंच टांगलेलं आहे. धुरानं इतकं काळं झालंय, की आता कुणी फाडायला गेलं तर हातोडाच लागेल.